आमचे लेखन वाचते कोण?



 शिक्षकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मंचावर बसलो असताना मघाशी दुसऱ्या रांगेतल्या एक बाई घाईने उठून बाहेर गेल्या. मला वाटले, घरी काही अडचण असेल. परत आल्यावर विचारले, तर म्हणाल्या, “सर, ग्रुपवर लिंक आली. पाचच्या आत पटाची माहिती भरायची होती.” आज रविवार आहे.

सकाळच्या परिसंवादात एका वक्त्यांनी विचारले, आजचा शिक्षक लिहीत का नाही? साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत, याचीही त्यांनी आठवण करून दिली. दिवसभर शिकवून झाल्यावर रोज हाताने लिहिलेले दैनिक! आठवण योग्य आहे, पण प्रश्न चुकीचा आहे. शिक्षक लिहितो आहे, रोज रात्री लिहितो आहे. आज पहिली ते पाचवीची किती मुले जेवली, माणशी शंभर ग्रॅमप्रमाणे किती तांदूळ शिजला, सहावीच्या पुढे दीडशे ग्रॅमप्रमाणे किती, डाळ किती, तेल किती, गोणीत उरले किती, हे तो लिहितो. चव कोणी घेतली, तेही लिहितो. मग सरल आणि यू-डायस ही पोर्टल्स, आधार पडताळणी, मुलांचे अपार क्रमांक, शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, आणि एवढे झाल्यावर तीच माहिती एक्सेलमध्ये पुन्हा. आणि कळवण्यासारखे काहीच नसेल, तर तेही कळवायचे असते, कारण परिपत्रकाच्या तळाशी ओळ असते: निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा. गुरुजी लिहीत होते तेव्हा त्यांना वाचणारी मुले होती. आमचे लेखन वाचते कोण?

हा प्रश्न मी पुण्यात विचारतो आहे, कारण तो इथेच विचारला पाहिजे. शिक्षण आयुक्तालय या शहरात आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर आहे. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे. गडचिरोलीतल्या दोनशिक्षकी शाळेत जो नमुना भरला जातो, तो पुष्कळदा याच शहरातल्या टेबलावर आखलेला असतो. ज्या शाळेसाठी तो आखला, तिथे नेटवर्कसाठी टेकडीवर जावे लागते आणि मास्तर टेकडीवर गेले की दोन वर्ग एकाच्या अंगावर पडतात, हे त्या टेबलावरून दिसत नाही.

याच पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली. त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. आपण त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सांगतो आणि तिथेच थांबतो. पुढे त्यांनी शाळा तपासणीबद्दलही लिहिले आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा काही उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि कधीकधी आगाऊ वर्दी न देता अधिकाऱ्याने शाळेत यावे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकावर देखरेख नको, असे जोतीराव म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्यांनी मागितला होता तो शाळेपर्यंत चालत येणारा माणूस. आज आमच्या वाट्याला आला आहे तो शाळेकडून वर जाणारा कागद, आणि या कागदालाच देखरेख म्हटले जाते. अधिकाऱ्याने वर्गात येऊन एका मुलाला एक उतारा वाचायला सांगावा. पाच मिनिटांत त्याला जे कळेल, ते चाळीस रकान्यांत कळणार नाही. केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. तेही बिचारे वरच्यांचे रकाने जुळवत बसलेले असतात.

आम्हाला सांगितले जाते की कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम म्हणते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. मतदारयादीच्या कामाबद्दल २००७ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की ते सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी घ्यावे. तरीही ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षकांना २०२३ मध्ये रस्त्यावर उतरावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये भर शाळेच्या दिवसांत एका सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने कोणती कामे शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक, याची वर्गवारी करणारा निर्णय काढला. मी त्याचे स्वागत करतो. पण मित्रहो, खरी गोम वेगळीच आहे. २७ वे कलम बाहेरून येणाऱ्या कामाला अडवते. शिक्षणाचेच नाव लावून आतून येणाऱ्या कागदाला ते अडवत नाही. २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत: वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम पुरा करणे, प्रत्येक मुलाची कुवत ओळखून लागेल तिथे जादा शिकवणे, पालकांना भेटणे. किती नेमकी आणि सुंदर कर्तव्ये आहेत ही! पण शेवटी एक उपकलम आहे, ‘विहित केलेली इतर कर्तव्ये’. त्या एका फटीतून सगळी पोर्टल्स आत आली.

आता थोडे आपल्याबद्दल, आणि हे बोलणे तुम्हाला गोड लागणार नाही. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी. नुसत्या गुणांवर मूल तोलू नका, त्याच्याबद्दल चार वाक्ये लिहा, असे शासनाने शिक्षकाला सांगितले. जरा विचार करा, सरकारने शिक्षकाला लेखक व्हायला सांगितले होते! एका जिवंत मुलाचे खरे वर्णन करायला सांगितले होते. आपण काय केले? त्या नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, विकल्या गेल्या, फोनवरून फिरल्या. ‘वाचन स्पष्ट व शुद्ध करतो.’ ‘स्वच्छतेची आवड आहे.’ ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेते.’ चाळीस मुलांच्या नावांपुढे आपण ही वाक्ये आलटून पालटून उतरवली. कारण वेळ नव्हता, आणि ती कोणी वाचणार नाही हे पक्के ठाऊक होते. जे लेखन कोणी वाचत नाही ते खोटे होत जाते. आणि वर्षानुवर्षे खोटे लिहिणारा हात संध्याकाळी घरी बसून खरी कथा लिहील, अशी आशा कोणी करू नये.

मीही त्यातच होतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. बांधकामावर राहणारी एक मुलगी रोज पहिल्या बाकावर यायची. तिच्या आधारवरचे नाव आणि आमच्या जनरल रजिस्टरातले नाव जुळत नव्हते, म्हणून वर्गात हजर असलेली ही मुलगी पोर्टलवर नव्हती. ते साल असे होते की आधार जुळलेल्या मुलांवरच संचमान्यता व्हायची होती, म्हणजे एकेका नावावर शिक्षकाचे पद अडकले होते. तिच्या वडिलांना घेऊन मी तीन वेळा आधार केंद्रावर गेलो. तिन्ही वेळा त्यांचा खाडा झाला आणि माझा वर्ग शेजारच्या वर्गात बसला. नाव दुरुस्त झाले तेव्हा इमारतीला रंग लागला होता आणि ते कुटुंब वाघोलीकडच्या दुसऱ्या साइटवर निघून गेले होते. तिच्या प्रगतिपत्रकावर मी लिहिले होते, ‘गणितात रस घेते.’ यादीतले वाक्य.

म्हणून आजच्या ठरावात मी तीन गोष्टी मांडतो. कोणतीही माहिती मागताना मागणाऱ्या कार्यालयाने परिपत्रकावर स्वतःच्या सहीने लिहावे की ही माहिती यू-डायस किंवा सरलमध्ये आधीपासून नाही. जिथे तसे लिहिलेले नसेल, तिथे शाळेने ती देऊ नये. शिक्षकाकडून लिपिकाचे काम करून घेणे थांबवावे आणि निदान प्रत्येक केंद्राला एक लिपिक द्यावा. आणि जो अधिकारी अहवाल मागेल, त्याने आधी त्या शाळेत एक पूर्ण तास मुलांमध्ये बसावे. चौथी गोष्ट शासनाकडे मागायची नाही, ती आपल्याला स्वतःला करायची आहे: तयार नोंदींची यादी आजपासून फोनमधून काढून टाकायची. सगळ्या चाळीस मुलांचे जमणार नाही, तर या वर्षी पाच मुलांबद्दल खरे लिहू.

माझे एक राहिले आहे. आता त्याला कोणता रकाना नाही, म्हणून तुमच्यासमोर वाचतो.

“ही मुलगी पाढे म्हणत नाही. विटांची थप्पी दाखवली तर आडव्या किती, उभ्या किती, थर किती हे बघून एकूण आकडा सांगते, आणि तो बरोबर असतो. मधली एखादी वीट फुटकी असेल तर ती वजा करते. वहीवर तेच गणित घातले की गप्प बसते. हिला फळ्याजवळ नेण्याआधी वर्गात विटा आणाव्यात.”