सोडतीनंतर बाई कुठे जाते?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘महिला आणि राजकारण’ हा विषय दिला आणि वेळ दिली दहा मिनिटे. म्हणून ग्रामसेविका या नात्याने ज्या खुर्चीशेजारी माझी सगळी नोकरी झाली, त्या सरपंचाच्या खुर्चीबद्दलच बोलते.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. तेव्हापासून ‘सरपंचपती’ हा सगळ्यांचा आवडता विनोद आहे. तो खोटा नाही. ग्रामपंचायतीच्या चेकवर सरपंचाची आणि ग्रामसेवकाची अशा दोन सह्या लागतात. “चेकबुक द्या, घरून सही आणतो,” म्हणणारे नवरे, दीर, सासरे मी भरपूर पाहिले. पण हसणारे लोक पहिल्या वर्षाकडे पाहून हसतात. मी पाचही वर्षे पाहिली आहेत.

पहिल्या वर्षी बाई मासिक सभेत पदर सावरून गप्प बसते. दुसऱ्या वर्षी हळूच विचारते, “पाणीपट्टीची वसुली एवढी कमी का?” तिसऱ्या वर्षी कोऱ्या चेकवर सही करायला नकार देते; त्या रात्री घरात काय होते ते तिलाच ठाऊक. चौथ्या वर्षी पंचायत समितीत बीडीओंसमोर एकटी उभी राहून नळयोजनेचे रखडलेले काम विचारते. पाचव्या वर्षी तिला नमुना आठ वाचता येतो, अंदाजपत्रक कळते, कोणता ठेकेदार किती पाण्यात आहे तेही कळते. सगळ्याच अशा तयार होतात असे नाही. काही जणी शेवटपर्यंत सहीपुरत्याच राहतात. (तसे पुरुष सरपंचही मी पाहिलेत, पण त्यांच्यावर विनोद होत नाहीत.)

आणि मग तहसीलला नवी सोडत निघते. बरणीत चिठ्ठ्या, लहान मुलाच्या हातून एक उचलायची. गावचे सरपंचपद ‘खुले’ झाले की बाईचे काम संपले असे सगळे गृहीत धरतात. एका माजी सरपंचबाईंनी पुन्हा उभे राहायचे म्हटले, तेव्हा पॅनेलप्रमुख म्हणाले, “वहिनी, आता जागा ओपन आहे.” त्या म्हणाल्या, “मग ओपन म्हणजे आम्हालाही ओपनच ना?” त्यांना उमेदवारी मिळाली नाही.

चक्राकार आरक्षणाला मी दोष देत नाही. त्यामुळेच प्रत्येक गावाची पाळी येते. दोष ‘खुले’ म्हणजे ‘पुरुषांचे’ असे वाचणाऱ्यांचा आहे. अभ्यासक रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुका तपासल्या. १९९७ मध्ये जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तिथे महिला निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे एकदा बाईचा कारभार पाहिलेला मतदार तिला पुन्हा मत देतो. तिकीट देणारा मात्र कचरतो.

वरचे चित्र तर याहून उघडे आहे. २०२४ मध्ये आपल्या विधानसभेच्या २८८ जागांवर २१ महिला निवडून आल्या. २०१९ मध्ये २४ होत्या. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधलेली आहे. तीस वर्षांत गावोगाव कारभार शिकलेल्या हजारो बायका तोवर काय करणार? बचत गटाच्या बैठका घेणार आणि दुसऱ्यांच्या प्रचारात हळदीकुंकू करणार.

आपल्या बॅचचे तिघे जण आज तालुक्यात वेगवेगळ्या पक्षांचे पदाधिकारी आहेत, पुढच्याच रांगेत बसलेत. बाबांनो, खुल्या जागांसाठी पॅनेल बांधाल तेव्हा माजी महिला सरपंचांची यादी माझ्याकडून घ्या. कोणाचे हिशेब चोख होते, कोणी एकही ग्रामसभा टाळली नाही, ते मला पाठ आहे. जेवणानंतर मी व्हरांड्यातच आहे, पाण्याच्या टाकीजवळ.