मातीच्या सूक्ष्म कणांचे मापन
(भाषणाचा मजकूर)



अनुभवी शेतकऱ्यास मूठभर मातीवरून तिचा पोत ओळखता येतो. वाळू बोटांस खरखरीत लागते, पोयटा पिठासारखा मऊ लागतो आणि ओली चिकणमाती चिकटते. परंतु चिकणमाती शेकडा ३० आहे की ५०, हे बोटांस सांगता येत नाही. आणि पाण्याची पाळी केव्हा द्यावी, हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

हैदराबादमधील अंबरपेठ मुसी नदीच्या काठी वसले आहे. त्या परिसरात उंचवट्यावर ग्रॅनाइट खडकापासून झालेली जाडसर तांबडी माती आढळते, तर नदीकाठी पाण्याने वाहून आणलेला बारीक गाळ साचतो. अशा दोन मातींतील भेद मोजावयाचा कसा?

वाळू चाळणीने वेगळी करता येते. मात्र चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असल्याने तेथे चाळणी निरुपयोगी ठरते. म्हणून मातीतील सेंद्रिय अंश काढून, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणाने कण सुटे करून ती उंच नळकांड्यात पाण्याबरोबर ढवळतात. जड कण आधी बसतात, सूक्ष्म कण दीर्घकाळ तरंगतात. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार कणाचा व्यास दशांश झाला की बसण्याचा वेग शतांश होतो. २० अंश सेल्सिअस तापमानात १० सेंटिमीटर खाली जाण्यास ०.०२ मिलिमीटरच्या कणास पाच मिनिटांहून थोडा कमी वेळ लागतो, ०.००२ मिलिमीटरच्या कणास सुमारे ८ तास. त्या वेळी त्याच खोलीवरून पिपेटने पाणी घेऊन, वाळवून, उरलेली माती तोलतात.

येथे तापमानाची नोंद अत्यावश्यक आहे. ३० अंशांस हाच काळ सुमारे ६ तास २० मिनिटांवर येतो. उन्हाळ्यातही ८ तासच थांबल्यास चिकणमातीचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी भरते. त्या आकड्यावर विसंबून भारी काळ्या जमिनीस हलक्या जमिनीप्रमाणे वरचेवर पाणी दिल्यास ती पाणथळ होते आणि कालांतराने क्षार वर येतात.

शिक्षकांनी काचेच्या बरणीत माती, पाणी व चिमूटभर धुण्याचा सोडा ढवळून हे थर विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावेत. शेतकऱ्यांनी शेतातील अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून नमुना द्यावा. आणि प्रयोगशाळेने घड्याळाबरोबर तापमापकही पाहावा. डोळ्यांस न दिसणाऱ्या या कणांवर जमिनीचे आरोग्य अवलंबून आहे.