बेघरांचे सूर आणि आपले दान

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आपल्या न्यासाने पन्नास वर्षे पूर्ण केली. या आनंदाच्या प्रसंगी, ज्यांच्या वाट्याला स्वतःचे छप्परही आले नाही अशा माणसांविषयी बोलण्याची अनुमती मी आपणाकडे मागतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख माणसे घराविना राहताना आढळली. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात होती. अन्न, वस्त्र आणि औषध या त्यांच्या गरजा आपण जाणतो व यथाशक्ती भागवितो. परंतु उद्याच्या दिवसाची वाट पाहावीशी वाटणे हीदेखील माणसाची गरजच आहे. ती भागविण्याचे सामर्थ्य संगीतात आहे, असे मला नम्रपणे सांगावयाचे आहे.

सौंदडच्या स्थानकावरून गाडीने जाता-येता, डब्यात ढोलकी वा पेटी घेऊन गाणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपण हातावर नाणे ठेवतो आणि खिडकीबाहेर पाहू लागतो. कायद्याची दृष्टीही याहून वेगळी नव्हती. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने, सार्वजनिक ठिकाणी गाऊन किंवा नाचून पैसे स्वीकारणे भीक मागण्याच्या व्याख्येतच बसविले. पुढे हा कायदा दिल्लीतही लागू झाला. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातील शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरविली. तेव्हा गाणारा बेघर माणूस भिकारी की कलावंत, हा प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो. मला वाटते, त्याचे उत्तर समाज त्याला कोठे उभा करतो यावर अवलंबून आहे.

या उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. कुष्ठरोग झाला की माणूस घर असून बेघर होत असे. १८९८ च्या कायद्यानुसार निर्धन कुष्ठरुग्णास वॉरंटाविना पकडून आश्रमात ठेवता येत असे. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी साधनाताईंच्या साथीने महारोगी सेवा समिती स्थापन केली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ जमिनीत आनंदवनाचा संसार मांडला गेला. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होऊ लागला. परंतु शरीर रोगमुक्त झाले तरी घराचे दार उघडतेच असे नाही. औषध जेथे थांबते, तेथून या माणसांचा खरा प्रवास सुरू होतो.

अशा माणसांमधूनच २००२ मध्ये डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात कुष्ठमुक्त आहेत, अंध आहेत, मूकबधिर आहेत, अस्थिव्यंग आहेत. या रोगात नसांवर आघात होऊन बोटांची संवेदना जाते. अशा हातांना वाद्य जवळ करावयाचे तर केवढी साधना हवी, याची आपण कल्पना करावी. या मंडळींनी महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या रंगमंचांवर कार्यक्रम केले. श्रोत्यांनी तिकीट काढून ते ऐकले आणि त्या उत्पन्नाचा संस्थेच्या कार्याला हातभार लागला. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत होते, त्यांच्यासमोर सभागृह भरून बसले.

येथे आशा कोठून आली, हे आपण समजून घेतले पाहिजे. वाद्यवृंदात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. तबलजी आला नाही तर गाणे अडते; म्हणून त्याची वाट पाहिली जाते. तालमीची वेळ असते, चुकले तर सांगणारा असतो, जमले तर मान डोलावणारा असतो. आपली कोणीतरी वाट पाहत आहे, ही जाणीव बेघर माणसाने सर्वांत आधी गमावलेली असते. संगीत ती त्याला परत देते.

याच विदर्भाने आणखी एक उदाहरण घालून दिले आहे. संत गाडगेबाबांनी १९०५ मध्ये गृहत्याग केला आणि १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत ते फिरत राहिले. त्यांच्या कीर्तनाने जागा झालेला समाज दान देत गेला व त्या दानातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. एका घर नसलेल्या गायकाच्या शब्दांनी सहस्रावधी परक्यांना छप्पर दिले.

आपल्या साधू-साध्वींना आपण ‘अनगार’ म्हणतो. अनगार म्हणजे ज्याला घर नाही असा. स्वेच्छेने घर सोडणाऱ्यापुढे आपण नतमस्तक होतो. मग ज्याचे घर परिस्थितीने हिरावले, त्याच्याकडे पाठ फिरविणे आपल्याला शोभेल काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनी मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे ठरले. सौंदडसारखी गावे त्या हिशेबात येत नाहीत. येथे न्यास आणि धर्मशाळा यांनाच पुढे व्हावे लागेल. म्हणून माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक सायंकाळ आपले सभागृह अशा गायक-वादकांसाठी खुले करावे. एक पेटी आणि एक तबला त्यांच्या सरावासाठी ठेवावा. कार्यक्रमानंतर त्यांच्या हाती मानधन द्यावे आणि ते सर्वांसमक्ष, नाव घेऊन द्यावे. भोजनही आपल्यासोबत, एकाच पंगतीत व्हावे. आणि पुढील महिन्याची तारीख त्याच दिवशी सांगावी, कारण ती तारीख हेच त्यांच्या हाती दिलेले सर्वांत मोठे दान ठरेल.

अभयदानाची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलो. उद्याचे भय कमी करणे हाही त्याचाच एक अर्थ आहे. एकावन्नाव्या वर्षाचा आरंभ त्या अर्थाने व्हावा, ही प्रार्थना करून मी माझे दोन शब्द पूर्ण करतो.

जय जिनेंद्र.