देवानें सोंपविलेली ठेव
(ज्युबिली महोत्सवप्रसंगीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं पूर्वजांचे उपकार आपण स्मरले. आतां मागून येणाऱ्यांचा विचार करूं. प्रभूनें शिष्यांमध्यें एक बालक उभें केलें. तें आज आपल्याही मध्यें उभें आहे असें समजा.

ह्या सातारा-सांगली प्रांतीं ऋतूंचा क्रम पालटत आहे. २००५ सालीं कृष्णामाईस मोठा पूर आला. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें. धोक्याची रेषा तेथें ४५ फुटांची आहे. २०२१ च्या जुलैंत पुन्हां पूर आला, आणि पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव येथें दरडींखालीं घरें गाडलीं गेलीं. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत ह्यांची पाठ दुष्काळ सोडीत नाहीं. सारा दोष हवामानाचाच नव्हे. नदीकांठ आपणही बुजविला. तथापि हवा एक अंशानें तापली कीं सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरते, आणि पाऊस मग एकाएकीं कोसळतो.

ह्याचा भार प्रथम बालकावर पडतो. वजनाच्या मानानें त्यास आपल्याहून अधिक पाणी लागतें. म्हणून उन्हानें वा अतिसारानें तें लौकर सुकतें. पूर ओसरला कीं डासांचे ताप येतात. मनांतील भीति तर वैद्यासही दिसत नाहीं. २०१९ च्या महापुरांत निवाऱ्यांतील मुलांस आम्ही कपडे व बिस्किटें वाटलीं, परंतु "बाळ, रात्रीं झोंप लागते का?" असें मीं एकासही विचारलें नाहीं. ती चूक मला आजही सलते.

मुलें काटक असतात, सारें निभावून नेतात, असें आपण म्हणतों. परंतु वेल चढते ती मांडवाच्या आधारानें. जवळ आईबाप, लौकर उघडलेली शाळा, स्वच्छ पाणी आणि धीराचा शब्द, हाच तो मांडव. तो घालणें थोरांचें कर्तव्य आहे.

दिवंगत परमगुरु पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' ह्या परिपत्रांत सृष्टीचें जतन हें धर्मकार्यच ठरविलें. म्हणून ज्युबिलीचें स्मारक केवळ दगडाचें नसावें. पुराच्या दिवसांत आपलें सभागृह उघडें राहो, व त्यांत मुलांसाठीं निराळी जागा असो. उन्हाळ्यांत धर्मशिक्षणाचा वर्ग सकाळींच भरो. आणि एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें अतिसारावरचें पेय प्रत्येक घरीं ठाऊक असो.

बालकें ही देवाची ठेव आहे. एक दिवस तो ती परत मागेल. त्या दिवशीं आपणांस खालीं पाहावें न लागो. आमेन.