सांधा राखा, रस्ता टिकेल



 आपल्या शहरांत आज काँक्रीटीकरणाचा वेग मोठा आहे. एकट्या मुंबईत शेकडो किलोमीटरची कामे निघाली. म्हणूनच नवे रस्ते करण्याइतकेच केलेले रस्ते राखण्याबद्दल बोलणे मला अगत्याचे वाटते.

‘एकदा काँक्रीट केले की तीस वर्षे बघायला नको,’ असे सभागृहापासून चहाच्या टपरीपर्यंत सर्रास ऐकू येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ५८’ या संहितेप्रमाणे आपण अभियंते साधारण ३० वर्षांचे आयुर्मान धरून संकल्पन करतो, हे खरे. पण सांधे बंद आहेत आणि पाया कोरडा आहे, तोवरच ते गणित जुळते. ‘बघायला नको’ हा भाग साफ चुकीचा आहे आणि त्यानेच रस्ते अकाली मरतात.

काँक्रीट उन्हात प्रसरण पावते, गारव्यात आकसते. म्हणून साधारण साडेचार मीटरवर आपण आडवा सांधा कापतो. एका किलोमीटरला असे सव्वादोनशेच्या आसपास सांधे होतात. त्यांत भरलेले सीलंट ऊन-पावसाने कडक होते, कडेपासून सुटते. मग खडीचे कण फटीत अडकतात, स्लॅबला हलायला जागा उरत नाही आणि कडा फुटतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी खाली उतरते. भर पावसात अशा सांध्याशी उभे राहून पाहा. लादलेला ट्रक एका स्लॅबवरून दुसऱ्यावर जाताच फटीतून गढूळ पाणी उसळते. तो गढूळपणा पायातल्या बारीक मातीचा असतो. प्रत्येक ट्रकगणिक ती थोडी थोडी निघून जाते, खाली पोकळी होते, स्लॅबचा कोपरा अधांतरी राहतो आणि एके दिवशी तडकतो. खाली काळी माती असेल, तर पाण्याने तिचे फुगणे-आकसणे वेगळेच.

याच क्रमाने खर्च वाढत जातो. सुरुवातीला जुने सीलंट काढायचे, हवेच्या झोताने फट साफ करायची आणि नवे भरायचे, एवढेच काम असते. पोकळी झाली की स्लॅबला भोके पाडून ग्राउट भरावे लागते. कोपरा तुटला की पूर्ण जाडीचा तुकडा कापणे, नवे डॉवेल बार बसवणे आणि वाहतूक वळवणे आले. तिथेही चुकलो, तर उरतो तो नवा रस्ता.

सांध्यातून उतरणारे पाणी हा पहिला शत्रू, तर दुसरा शत्रू चर. जलवाहिनी किंवा केबलसाठी स्लॅब मधोमध फोडायचा आणि खड्डा पेव्हर ब्लॉकने बुजवायचा, ही पद्धत बंद झालीच पाहिजे. वाहिन्यांसाठी डक्ट आधी हवेत. खोदणे अटळच असेल, तर सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण स्लॅब काढून पुन्हा ओतावा.

निगेचे फळ पाहायचे, तर अमेरिकेतले उदाहरण घ्या. ओहायोतील बेलफाउंटन गावी जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी १८९१ मध्ये काँक्रीटचा रस्ता केला. त्यानंतर १८९३ मध्ये कोर्ट अव्हेन्यूवर केलेले काम गावाने आजवर जपले आहे. निगा राखली तर काँक्रीट किती पिढ्या साथ देते, हे तिथे दिसते.

अशा निगेसाठी प्रश्न पैशाचा आहे, हे मी जाणतो. पण त्याचे उत्तर आपल्याच माणसाने दाखवले होते. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९२७ मध्ये नेमली गेली. रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर घेऊन वेगळा निधी उभारावा, असे तिने सुचवले आणि तो १९२९ मध्ये उभा राहिला. पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, तीही याच समितीच्या शिफारशीतून. रस्त्याला हक्काचा, दरवर्षी मिळणारा पैसा लागतो, हे त्या पिढीने ओळखले होते.

तेच आज प्रत्येक नगरपालिकेत व्हावे. काँक्रीट रस्त्यांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे आणि त्यातला पैसा नव्या कामांकडे वळवू नये. प्रत्येक रस्त्याची सांध्यांची नोंदवही असावी. दोषदायित्वाचा कालावधी संपण्याआधी प्रत्येक स्लॅबची पाहणी होऊन ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी.

कनिष्ठ अभियंता मित्रांनो, यंदाच्या मे महिन्यात आपापल्या प्रभागातला एक तरी काँक्रीट रस्ता पायी चाला, सुटलेला प्रत्येक सांधा नोंदवा आणि पहिला पाऊस पडण्याआधी तो भरून घ्या. वरिष्ठांनी त्यासाठी निधी अडवू नये, ही या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे.