कसरत करणाऱ्यांनी काय खावे?

(व्यायाम करणारी मुले व त्यांचे आईवडील यांच्यासाठी केलेले भाषण)



पहाटे आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या रस्त्यावर उभे राहा. अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतात. गावची पोरे धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८०० मीटर. गोळाही फेकावा लागतो. कोणाला सैन्यात जायचे असते. कोणी कबड्डीसाठी दंड-बैठका काढतो. ही मुले पाहिली की बरे वाटते.

पण इतका घाम गाळल्यावर अंगाला काय लागते? हे विचारायला मुले दुकानात जातात. दुकानदार डबा दाखवतो. डब्यावर फुगलेल्या दंडाचे चित्र असते. किंमत हजारांत असते. धान विकून आलेल्या पैशातून बाप तो डबा आणतो. म्हणून आज आम्ही डब्याविषयी आणि ताटाविषयी बोलणार आहोत.

डब्यात काय आहे, असे विचारा. उत्तर मिळते, "व्हिटॅमिन आणि मिनरल." व्हिटॅमिन म्हणजे जीवनसत्त्व. मिनरल म्हणजे खनिज. खनिज म्हटले की तुमसर तालुक्यातल्या लोकांना चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आठवतील. ते बरोबरच आहे. लोह, चुना, मीठ ही जमिनीतलीच द्रव्ये. मँगनीजसुद्धा अंगाला लागते, पण कणभर. म्हणून कोणी खाणीतला दगड चाटू नये, बरं का! झाडाची मुळे ही द्रव्ये जमिनीतून ओढून घेतात. ती पाल्यात आणि दाण्यात उतरतात. तिथून ती आपल्या पोटात येतात.

जीवनसत्त्वाची गोष्ट तर भातातूनच निघाली. जावा बेटावर आइकमान नावाचे एक डच डॉक्टर होते. १८९० च्या सुमाराची ही हकीकत. त्यांनी पाळलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. लष्करी इस्पितळात उरलेला पांढराशुभ्र भात त्या कोंबड्यांना घालत असत. पुढे स्वयंपाकी बदलला. नवा स्वयंपाकी म्हणाला, "लष्कराचा भात या कोंबड्यांना मिळायचा नाही." मग त्यांना साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला. आणि काय सांगावे! कोंबड्या पुन्हा चालू लागल्या. तांदळाच्या वरच्या पापुद्र्यात काहीतरी सत्त्व आहे, हे या खटपटीतून पुढे कळले. त्यालाच आज ब-१ जीवनसत्त्व म्हणतात. १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ब-१ काय करते? भात आणि पोळी हे अंगातले सरपण आहे. त्या सरपणाला काडी लावायचे काम ब-१ करते. सरपण जास्त, तर काड्याही जास्त लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली एक तक्ता काढला. बसून काम करणाऱ्या पुरुषाला रोज १.४ मिलिग्रॅम ब-१ लागते, असे त्यात सांगितले आहे. जड कष्ट करणाऱ्याला २.३ मिलिग्रॅम लागते. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. तेव्हा कसरत करणाऱ्याची गरज वाढते, एवढे दुकानदार खरे बोलतो. पण भाऊ, कसरतीने भूकही वाढते ना? दोन पोळ्या खाणारा चार खातो. वरण दुप्पट घेतो. ताट चांगले असेल तर ब-१ आपसूक वाढते. ताटात नुसता पांढरा भात वाढत गेला, तर सरपण वाढले आणि काड्या राहिल्या मागेच.

आपला जिल्हा धानाचा. इथेच घोटाळा होतो. गिरणीत तांदूळ चकचकीत होईपर्यंत सडतात. पापुद्रा गेला, त्याबरोबर सत्त्व गेले. मग तांदूळ चार-चार पाण्यांनी धुतात. आणखी गेले. मग भात वेळून पेज ओतून देतात. उरलेले तेही गेले! बायांनो, तांदूळ एकदोनदाच धुवा. पाणी बेताचे घालून ते भातातच आटू द्या. पेज काढलीच तर मीठ घालून धावून आलेल्या पोराला प्यायला द्या. उसना तांदूळ तर फार चांगला. धान भिजवून वाफवले की पापुद्र्यातले सत्त्व दाण्याच्या आत मुरते. मग सडले तरी बरेचसे टिकते. काही घरांत पाहुण्याला पांढरा तांदूळ आणि घरच्यांना उसना, असा मान ठेवतात. आम्हाला हा मान उलटा वाटतो.

आता लोह. तांबडे रक्त फुप्फुसातला प्राणवायू पायापर्यंत नेते. ते लोहाच्या बळावर. लोह कमी पडले की शेवटच्या फेरीत छाती भरून येते आणि पाय जड होतात. त्याच तक्त्यात पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. बाईला जास्त, कारण दर महिन्याला तिचे रक्त जाते. आणि घरात शेवटी जेवते कोण? तीच! २०१९ ते २०२१ या काळात सरकारी पाहणी झाली. तेव्हा महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांत रक्त कमी आढळले. म्हणून धावणाऱ्या पोरीला भावाआधी नाही, तर निदान भावाबरोबर वाढा.

काय वाढावे? मुनग्याचा पाला, चवळाई, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. मसूर, चणे, फुटाणे-गूळ. खात असाल तर अंडी आणि मामा तलावातले मासे. बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर चुनाही मिळतो. ब-१२ नावाचे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. माळकऱ्यांनी त्यासाठी दूध-दही सोडू नये. वरणावर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र नको. चहा लोहाला अडवतो. आणि पायात चप्पल घाला. ओल्या, घाणेरड्या मातीतून एक जंत तळपायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो.

गोळ्या कधीच घेऊ नयेत का? डॉक्टरांनी तपासून दिल्या तर जरूर घ्याव्यात. मनाने घेऊ नयेत. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की लघवी पिवळीधमक होते. अंगाला नको असलेले सत्त्व बाहेर पडते. त्याबरोबर पैसेही! पण अ आणि ड जीवनसत्त्वे अशी निघून जात नाहीत. ती अंगात साठतात आणि जास्त झाली तर अपाय करतात.

आता जरा नीट ऐका. पूर्व विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. तो आईबापांकडून येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मोडतात. मुलाचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळे दिसतात, थोडे धावले की दम लागतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. मग डबा आणतात, लोहाच्या गोळ्या आणतात. पण इथे रक्त कमी होते ते पेशी मोडल्यामुळे. मोडलेल्या पेशींतले लोह अंगातच राहते. वरून आणखी लोह द्यायचे की नाही, हे तपासून डॉक्टरच ठरवतील. अशा मुलाला त्यांना विचारल्याशिवाय धावायलाही लावू नका.

काही जण नुसते वाहक असतात. त्यांना एरवी त्रास होत नाही. ते धावू शकतात. पण उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी जीव तोडून धावणे त्यांना घातक ठरू शकते. त्यांनी हळूहळू अंतर वाढवावे, भरपूर पाणी प्यावे, पाय एकाएकी दुखून आले तर तिथेच थांबावे आणि सोबत्याला सांगावे.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आशाताईला विचारा, ती वाट दाखवील. भरतीची तयारी सुरू करायच्या आधीच जा. मुलीलाही न्या. तपासणीचा कागद मिळेल, तो भरतीच्या कागदांच्या पिशवीतच ठेवा.