बोअरचं पाणी आणि आपले केस

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात अनेक घरांत बोअरचं क्षारयुक्त पाणी येतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट थर तयार करतात. तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात. म्हणून अंगाचा साबण केसांना लावू नका. सौम्य शाम्पू वापरा आणि शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या. ओले केस ओढून विंचरू नका. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात आणि रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. मात्र डोक्यावर चकत्या पडल्या, किंवा एकाएकी पुंजके हाती येऊ लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.